माझ्या हातचं यकृत

ताईने घरच्या गटावर पाठवलेलं यकृत मी केलेलं होतं, पण ते मला लगेच कळलं नाही. आधी नुसतंच काहीतरी खुपलं. फोन कामाच्या टेबलावर उताणा पडला होता, माझे हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले, आणि पडद्यावर ताईचं नाव. ताई गटावर कधी काही टाकत नाही. बाकीचे सगळे सकाळी उठल्या उठल्या फुलं, सुविचार आणि कुठल्या फळाची साल कशावर रामबाण आहे ते टाकून मोकळे होतात. ताई ते वाचते की नाही, हेसुद्धा कोणाला ठाऊक नाही. म्हणून मी मनगटाच्या मागच्या बाजूने पडदा सरकवला. काळंनिळं, गाठाळ, ओलसर चकाकणारं यकृत. त्याच्यावर लाल ठळक अक्षरं: ‘रोज बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाचं लिव्हर! डॉक्टर हे तुम्हाला कधीच दाखवणार नाहीत. काढून टाकायच्या आत सगळ्यांना पाठवा.’ खाली ताईने स्वतःचं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मावसभावाने लगेच हात जोडले होते. कोणीतरी ‘बापरे’ म्हटलं होतं. मी पुन्हा प्लास्टर ढवळायला लागले, आणि ढवळता ढवळता मनात पाल चुकचुकली की हे ओळखीचं आहे.

मी वैद्यकीय महाविद्यालयात अवयव बनवते. कोणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते, तेवढीच करमणूक. कॉलेजच्या मागच्या बाजूला एक लांबट शेड आहे, तिथे माझे रबरी साचे, मेण, राळ, रंगाच्या बाटल्या, आणि फळ्यांवर ओळीने वाळत पडलेली हृदयं, फुप्फुसं, मूत्रपिंडं. मुलांना खऱ्या अवयवांना हात लावायला मिळतो तो थोडा वेळ, बाकी वर्षभर ती माझ्याच अवयवांवर शिकतात. त्यामुळे कुठलंही यकृत मला नवं नसतं, हेही तसंच असेल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण त्याच्या कडेला अंगठ्याएवढा एक चपटा भाग होता. कुठल्याही रोगाने यकृत असं चपटं होत नाही. असं ते होतं, पुरतं सुकायच्या आत खिडकीच्या कट्ट्याला टेकवून ठेवलं तर. हात धुऊन मी फोन पुन्हा घेतला. चपटा भाग डावीकडे हवा होता, इथे उजवीकडे होता. बेसिनवरच्या आरशासमोर फोन धरला तेव्हा आरशात माझं यकृत सरळ झालं. ज्याने कोणी हे केलं होतं त्याने फोटो उलटवला होता, वरून कापला होता, खालून कापला होता, आणि खालच्या कोपऱ्यात पितळी पट्टीचं टोक त्याच्याकडून राहून गेलं होतं. ती पट्टी मीच कोरली होती: ‘दीर्घ मद्यपानाने कठीण झालेले यकृत.’ खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मनात आलं ते हे, की रंग काय झकास उतरलेत.

संशय घ्यायला मला वेळ लागत नाही. घरात मला शंकासूर म्हणतात ते उगीच नाही. दूधवाला आज लवकर का आला इथपासून माझी सुरुवात होते. तेव्हा पहिला संशय आमच्या विभागाच्या फोटोग्राफरवर गेला. मी तशीच एप्रनवर त्याच्या खोलीत गेले आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्याने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. “अहो मॅडम, हे आपलंच की! संग्रहालयासाठी काढलेला फोटो. कॉलेजच्या वेबसाइटवर आपल्या पानावर आहे तो, पट्टीसकट. कोणीही उचलावा.” मी म्हटलं, “कोणीही म्हणजे कोण?” तो हसला. “आता कोण म्हणून काय सांगू? चांगला आला होता ना पण?” त्याच्या हसण्यात मला काहीतरी दिसलं, आणि जिना उतरेपर्यंत ते नाहीसं झालं. तो बिचारा आपल्या फोटोचं कौतुक करत होता, मी नव्हतं का केलं आपल्या रंगांचं? फळीजवळ आले. ते यकृत नेहमीच्या जागी होतं, पट्टीसकट, मुकाट. विभागप्रमुखांनी ते दोनदा परत पाठवलं होतं. पहिल्यांदा मी केलं होतं ते पिवळट, मातकट, जसं खरोखर असतं तसं. “जरा भडक करा,” ते म्हणाले होते, “शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे.” मग मी गाठी उचलल्या, मधल्या फटींत काळा भरला, निळ्याचा हात फिरवला आणि वर चकाकीचा थर दिला, ओलं वाटावं म्हणून. भीती कशी कालवायची ते माझ्या हातांना ठाऊक आहे. म्हणूनच असले फोटो आले की मला आधी वॉर्निशचा वास येतो. प्रकाश दोन बाजूंनी पडलेला, मागे काळं कापड, माणसाला नाव नाही, गावाला नाव नाही, कुठल्या गोळीने ते नाही, कोणी तपासलं ते नाही, फक्त घाई. पाठवा, आत्ता पाठवा. खरं सांगणाऱ्याला इतकी घाई नसते, असं मी गटावर कितीदा लिहिलं आहे. त्यावर मावसभाऊ हात जोडतो आणि आणखी दोन फोटो पाठवतो.

दुपारी डबा खाल्ला. मला स्वतःलाही रक्तदाब आहे, आमच्या घराण्याची ती इस्टेट. सकाळी निघताना मी दिवसाची एक गोळी छोट्या गोल डबीत टाकून आणते आणि जेवल्यावर घेते. डबी उघडली, गोळी पाहिली, पांढरी, मध्ये रेघ असलेली, रोजचीच. मग आठवलं की ताईला फोन करायचा आहे, म्हणून डबी मिटून पर्समध्ये टाकली. ताईने फोन उचलला. “हं, बोल ठकू.” एवढ्या मोठ्या जगात मला ठकू म्हणणारी ती एकटीच उरली आहे. मी इकडचं तिकडचं विचारलं, भावोजींचा गुडघा, गॅलरीतल्या कुंड्या. मग शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, “तुझ्या गोळ्या चालू आहेत ना गं?” पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. फार वेळ नाही, नळ बंद करायला लागतो तेवढाच वेळ. “आहेत की,” ताई म्हणाली. पण नळ वाहत नव्हता. ताई खोटं बोलू शकत नाही. लहानपणापासून तिला ते जमलं नाही, आमच्या दोघींच्या वाटणीचं मलाच बोलावं लागे. मी फोन ठेवला आणि त्या गप्प क्षणाकडे बघत बसले. मग जुनी कापडी पिशवी शोधली, यकृत पितळी पट्टीसकट फळीवरून काढलं, एप्रनमध्ये गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. संग्रहालयातली वस्तू बाहेर न्यायला परवानगी लागते. मी विचारायला गेले नाही.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाकावरचे सगळे आपापल्या फोनमध्ये माना घालून बसलेले, आणि मला प्रत्येकाच्या अंगठ्याची भीती वाटायला लागली. शेजारची बाई काहीतरी पाहून ‘अगंबाई’ म्हणाली. मी तिरक्या डोळ्याने पाहिलं, तर तिच्या भाच्याला मुलगी झाली होती. लाज वाटली स्वतःची. पिशवी गरम लागत होती, उन्हाने की माझ्या मांडीने कोण जाणे. मला बाबा आठवत होते. मधूनच आठवायला लागले असं नाही, आरशात यकृत सरळ झालं तेव्हापासून ते कुठेतरी मागे येऊन उभे होते. बाबा बीपीची गोळी चुकवण्यात पटाईत. गालात धरायचे, जिभेखाली दडवायचे, आणि ताईची पाठ फिरली की कुंडीत थुंकायचे. कुंडीतल्या मातीत एकदा ताईला पांढरे ठिपके सापडले. त्या दिवसापासून रोज जेवणानंतर ताई त्यांच्यासमोर उभी राहायची, एका हातात पेला, एक हात कमरेवर. “तोंड उघडा, बाबा.” बाबा आ करायचे. “जीभ वर.” बाबा जीभ वर करायचे, आणि डोळ्यांनी माझ्याकडे बघून ‘बघ हिची दादागिरी’ असं सांगायचे. मी हसायचे. ताई हसायची नाही. तिने ते घर, ते जेवण, ती गोळी असं काही उचललं होतं की मला पेला धरायचीसुद्धा वेळ आली नाही. मी मजेत चित्रकलेच्या वर्गाला जात राहिले. आणि मग एका सकाळी बाबा दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले ते उठलेच नाहीत. अर्ध्या गालाला साबणाचा फेस तसाच. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाहेर आला, घड्याळाकडे बघत म्हणाला, “होतं असं कधीकधी.” आणि निघून गेला. ताईने त्याला थांबवून काही विचारलं नाही. मीही नाही. आमच्या घरात त्या वाक्यापुढे कोणी गेलंच नाही.

दार भावोजींनी उघडलं. “अरे वा, शंकासूर! न सांगता?” म्हणाले, पण बाजूला व्हायला त्यांनी जरा उशीर लावला आणि आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. म्हणजे यांनाही ठाऊक आहे, मी मनात नोंद केली. ताई ओट्याशी स्टुलावर बसून भाजी निवडत होती. ताई बसून काम करत नाही. मला पाहून उठली, आणि उठताना तिने ओट्याची कड धरली. मग तिने मान वर केली तेव्हा मला तो डोळा दिसला. उजव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, बुबुळाच्या बाहेर, रक्त पसरलं होतं. शाई सांडावी तसं, कडेला पातळ होत गेलेलं. असला लाल मला आयुष्यात कधी कालवता आला नाही. मी काही भडक केलं नव्हतं, कोणी शेवटच्या बाकावरून बघणार नव्हतं, आणि मी पिशवी छातीशी घट्ट धरली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काही नाही, चोळला असेन.”

“डोळा नाही विचारत. गोळी कधीपासून बंद आहे?”

भावोजी दारातच उभे राहून गुडघा चोळत होते. “मी म्हटलं होतं हिला,” ते म्हणाले, “डॉक्टरांना एकदा विचार. पण ते चित्र पाहून मीसुद्धा... म्हणजे इतकं स्पष्ट दिसत होतं ना.” ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते गप्प बसले. शेजारणीने तिला ते चित्र पाठवलं होतं, गेल्या महिन्यात कधीतरी. तेव्हापासून गोळ्या कपाटात.

मी पिशवी ओट्यावर ठेवली, एप्रन सोडला आणि यकृत बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या उजेडात, भाजीच्या शेजारी, ते फारच वाईट दिसत होतं. मनातल्या मनात मी बसमध्ये हा क्षण घोळवला होता. ताई चकित होईल, मी पट्टी दाखवेन, ती कपाळावर हात मारून घेईल, आम्ही हसू. “ताई,” मी म्हटलं, “तू पाठवलंस ते हे. हे मी केलंय.”

“ठाऊक आहे मला,” ताई म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“तुझ्या शेडमध्ये आले होते ना मी, तुझा डबा राहिला होता तेव्हा. खिडकीत ठेवलं होतंस. त्या कट्ट्याची खूण बघ अजून आहे.” तिने बोट पुढे करून त्या चपट्या भागावर अलगद फिरवलं. “दुसऱ्या कोणाचं असतं तर मी बघितलंसुद्धा नसतं गं. रोज ढिगाने येतात असली चित्रं. पण तुझं म्हटल्यावर... तू कधी खोटं करतेस का? तूच म्हणायचीस, एक शीर चुकली तर मुलं चुकीचं शिकतील म्हणून. डॉक्टर होतात पोरं तुझ्या कामावर.”

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, हे बघा, प्रकाश बघा, कड बघा, कोणी केलंय ते विचारा. ताईने नेमकं तेच केलं होतं. कड बघितली होती, कोणी केलंय ते ओळखलं होतं, आणि म्हणून विश्वास ठेवला होता. माझी सगळी हुशारी त्या ओट्यावर भाजीच्या देठांसारखी पडली होती. मी पट्टी तिच्यापुढे सरकवली. “वाच. दारूने झालेलं आहे हे. गोळीने नाही.”

तिने वाचलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “पट्टीवर काय लिहायचं ते तुला कॉलेजवालेच सांगतात ना?”

“हो, पण...”

“मग? अवयव तू करतेस. नाव ते देतात.” ताई पुन्हा स्टुलावर बसली. आवाज शांत होता, नेहमीचा, हिशेबाने मीठ घालणारा. “बाबांनी कधी दारूला हात लावला नाही. आणि मी एकही दिवस चुकवलं नाही त्यांचं. तोंड उघडून बघायचे, तू बघितलं आहेस. मग ते गेले कसे? सांग ना. कोणी सांगितलंच नाही. होतं कधीकधी म्हणाला तो. हे चित्र बघितलं आणि वाटलं, हे होतं तर. मीच घालत होते रोज. हाताने.” तिचा लाल डोळा आणि पांढरा डोळा दोन्ही भरून आले. “गटावर टाकलं ते तुझ्यासाठीच टाकलं होतं. म्हटलं, ठकू तरी सांगेल. विचारायची हिंमत नव्हती.”

मला रडू कोसळलं. त्या लाल अक्षरं लिहिणाऱ्याला, तो कोण असेल तो, ताई माहीत नव्हती, बाबा माहीत नव्हते, बेसिन माहीत नव्हतं. तरी तो बरोबर त्या वाक्यापाशी येऊन पोचला होता जिथे आम्ही दोघी थांबलो होतो. बाबा कशाने गेले ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि आता खोटं बोलून ते ठाऊक असल्याचं दाखवायची माझी तयारी नव्हती. मी एवढंच म्हटलं की गोळी घेऊनही माणूस जातो ताई, आणि न घेतलेल्यांचं काय होतं ते तुझ्या डोळ्यात दिसतंय मला. ती मान हलवत राहिली. तिला वाटत होतं मी तिची समजूत घालते आहे. मग मी ओट्यावरची सुरी घेतली आणि यकृतात घातली. सर्वांत चांगल्या जागी, जिथे निळा काळ्यात मिसळतो आणि मला तीन रविवार लागले होते. वॉर्निश सोलून निघालं, रंगाचे पापुद्रे भाजीत पडले, आणि खाली पांढरंफक्क प्लास्टर. मी खरवडत गेले.

“अगं! अगं, काय करतेस?”

“खोटं आहे हे, ताई. असं कोणाचंच नसतं. मी आधी खरं केलं होतं, पिवळं, ओंगळ. साहेब म्हणाले भडक करा, मी केलं. भीती वाटावी म्हणूनच केलं. मी करते खोटं. चांगलं जमतं मला.”

ताईने माझं मनगट धरलं. जोराने, बाबांचा पेला धरायची तसं. “पुरे,” ती म्हणाली. “एवढं सुंदर केलेलं.” तिने सुरी काढून घेतली आणि उघड्या पडलेल्या प्लास्टरवर तळहात ठेवला. भावोजींनी न सांगताच आतून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं, तिच्या दंडाला पट्टा बांधला, आणि आकडा आला तेव्हा ते यंत्र आमच्यापासून वळवून धरायला लागले. मी वळवू दिलं नाही. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोकं दुखतं का, हातपाय जड वाटतात का, बोलणं अडखळतं का, असं सगळं विचारलं. रोजची गोळी आत्ता घ्या, जास्त घेऊ नका, पडून राहा, उद्या दवाखाना उघडताच या, आणि यातलं काहीही व्हायला लागलं तर माझी वाट न बघता सरळ इस्पितळात जा, म्हणाले. थांबवून मी त्यांना आणखी एक विचारलं, या गोळीने लिव्हर सडतं का म्हणून. ताईने ऐकावं यासाठी फोनचा आवाज मोठा केला होता. “कोणी सांगितलं?” डॉक्टर वैतागून म्हणाले. “तुमच्या ताईंच्या तपासण्या मीच केल्यात गेल्या वेळी. लिव्हर उत्तम आहे. उद्या परत करू, समोर बसवून दाखवतो.” हा माणूस घाईत नव्हता. ताई मान खाली घालून ऐकत होती.

भावोजींनी कपाटातून पाकीट आणलं. ताईने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, पेला ओट्यावर ठेवला. गिळताना तिचा गळा हलला, मी पाहिलं. आणि तरी माझ्या आतला तो मेला शंकासूर उठून उभा राहिला. फोनवरचा तो गप्प क्षण मला आठवला.

“तोंड उघड, ताई.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आ केला. “जीभ वर.” तिने जीभ वर केली. खाली काही नव्हतं. ओलं गुलाबी, दोन निळ्या शिरा, कडेला दातांच्या खुणा. मी आयुष्यभर जिभा केल्या आहेत, त्यातली एकही अशी नव्हती. तोंड तसंच उघडं ठेवून ताई हसायला लागली, हसता हसता ठसका लागला, भावोजी पाठ चोळायला धावले. मीही हसले. सगळं ठीक होणार असं वाटून मी यकृत एप्रनमध्ये गुंडाळायला घेतलं.

“आणि तुझी?” ताई म्हणाली.

“माझी काय?”

“गोळी. दुपारची. घेतलीस ना आज?”

“घेतली की,” मी म्हटलं.

पण मधे काहीतरी गेलं होतं. नळ बंद करायला लागतो तेवढा वेळ. ताईने ते ऐकलं. तिने काही न बोलता माझी पर्स ओढली, आतून गोल डबी काढली आणि झाकण उघडलं. पांढरी, मध्ये रेघ असलेली. माझ्याच हाताने कालवलेला काळा, माझाच निळा, पट्टी कोरलेली मी, कट्ट्याला टेकवलेलं मी, आणि दुपारी डबी मिटली तीही मीच. मला वाटलं होतं फोन करायचा आहे म्हणून मिटली.

ताई उठली, या वेळी ओट्याची कड न धरता. पेला पुन्हा भरून घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एका हातात पेला, एक हात कमरेवर.

“उघड तोंड.”

मी उघडलं. तिने स्वतःच्या हाताने गोळी माझ्या जिभेवर ठेवली, पेला माझ्या ओठांना लावला. मी गिळली.

“जीभ वर,” ताई म्हणाली.